चुळीची परीक्षा

गोव्यात १५६३ साली छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात वसईचं नाव काथाच्या निमित्ताने आलं आहे. ग्रंथकर्ता गार्सिया द ऑर्ता हा वैद्य. तो १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. पुढे मुंबई बेटही ऑर्ताकडे भाडेपट्ट्याने होतं, त्यामुळे हा मुलूख त्याच्या चांगल्या परिचयाचा होता. काथ मुबलक कुठे होतो हे सांगताना तो वसई, मनोर आणि दमण ही नावं घेतो. खैराच्या लाकडाचे बारीक तुकडे करायचे, ते उकळायचे आणि मग नाचणीचं पीठ घालून वड्या पाडायच्या, अशी कृतीही त्याने लिहून ठेवली आहे. ठाणे, रायगड आणि पालघरच्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या काथ करणाऱ्या कातकऱ्यांचं नावही काथावरूनच पडलं.

काथ पानात जायचा, तसाच तो औषधातही जायचा. तुरट पदार्थाने हिरड्या आवळल्या जातात हा अनुभव जुना आहे. सुश्रुताने हिरड्या मऊ पडून त्यांतून रक्त येण्याच्या विकाराला 'शीताद' म्हटलं आहे. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त औषधी द्रव तोंडात धरण्याचा विधी एका अध्यायात दिला. तोंड काठोकाठ भरून द्रव न हलवता धरला तर गंडूष, खळखळवता येईल इतकाच घेतला तर कवल, असा नेमका भेद त्यात केलेला आहे. खैर असलेली खदिरादि वटी वैद्यांच्या बटव्यात आजही असते. केशव पेंढारकरांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विको कंपनीच्या वज्रदंती मंजनातही खैर आहे. याशिवाय घरोघरी बाभळीचं किंवा करंजाचं दातण असे, आणि वसईच्या मिठागरांतलं मीठ कोमट पाण्यात टाकून गुळण्या करणं हा तर कोणी शिकवावा न लागणारा उपाय.

हिरड्यांवरच्या उपायांची या पट्ट्यात कधीच वाण नव्हती. एखादा उपाय खरोखर लागू पडतो की नाही हे ठरवायची पक्की रीत मात्र कुठेच नव्हती, इथेही नाही आणि युरोपातही नाही. ही रीत जेमतेम साठ वर्षांची आहे. आज कोणत्याही औषधाच्या दुकानात माउथवॉशच्या बाटलीवर 'कीटण रोखतं', 'हिरड्या निरोगी ठेवतं' असं छापलेलं दिसतं. त्या वाक्यांना काही आधार असेल, तर तो या रीतीचा.

तिचा पहिला अंकुर १६८३ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात दिसतो. आंतोनी व्हान लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली आपल्याच दातांवरचा पांढरट थर, म्हणजे कीटण, पाहिला आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. तो रोज मिठाने दात घासत असे, तरीही दाढांच्या मधल्या फटींत हा थर राहतच असे. याच पत्रात त्याने आणखी एक प्रयोग नोंदवला आहे. कडक व्हिनेगर तोंडात घेऊन त्याने चांगल्या गुळण्या केल्या आणि पुन्हा थर काढून पाहिला, तर आतले जीव जिवंत होते. मग त्याने तोच थर बाहेर पाण्यात कालवून त्यात व्हिनेगरचा थेंब टाकला, तेव्हा जीव लगेच मेले. व्हिनेगर थराच्या वरच्या पृष्ठभागावरचे जीव मारतं, आत शिरत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. चुळीची ही पहिली नोंदलेली चाचणी म्हणायला हरकत नाही. बशीत जंतू मरणं आणि तोंडात मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिने दाखवून दिलं. पुढच्या अडीचशे-तीनशे वर्षांत माउथवॉश विकणाऱ्यांनी हाच धडा नेमका दुर्लक्षिला.

त्या विक्रीची कथा अमेरिकेत सुरू होते. १८७९ मध्ये सेंट लुइस शहरात जोसेफ लॉरेन्सने एक जंतुनाशक अर्क बनवला आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा पाया घालणाऱ्या जोसेफ लिस्टरच्या नावावरून त्याला लिस्टरीन हे नाव मिळालं. त्यातला एक मुख्य घटक थायमॉल. थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असतं; बाजारात 'ओव्याचं फूल' म्हणून मिळणारे खडे म्हणजे हेच. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जर्मनीला जायचा आणि तिथल्या कारखान्यांत त्यातून थायमॉल काढलं जायचं. लिस्टरीन आधी डॉक्टरांना, मग दंतवैद्यांना विकलं गेलं आणि १९२०च्या दशकात तोंडाच्या दुर्गंधीची भीती घालणाऱ्या जाहिरातींनी ते घराघरांत नेलं. हिरड्यांवर त्याचा परिणाम मोजण्याची गरज त्या काळात कोणाला वाटली नाही. तसं मोजायचं कसं, हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

अडचण खोल होती. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखच्या परंपरेत शिकलेल्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतशास्त्रज्ञाने १८९० मध्ये तोंडातल्या जंतूंवर मोठा ग्रंथ लिहिला होता. तरीही हिरड्या सुजण्याचं मूळ नेमकं कशात, यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकमत नव्हतं. कोणी दातांवर साचलेल्या कडक दगडाला दोष देई, कोणी जीवनसत्त्वांच्या कमतरतेला, कोणी वयाला, तर कोणी शरीरातल्या संप्रेरकांना. कारणच ठरलेलं नसताना उपायाची परीक्षा घेणार तरी कशी?

ही कोंडी डेन्मार्कच्या ऑरहूस शहरातल्या दंतमहाविद्यालयात फुटली. हारल्ड लोए हा नॉर्वेजियन संशोधक आणि त्याचे सहकारी एल्से थायलाडे व बोर्ग्लुम येन्सेन यांनी १९६५ मध्ये 'माणसातला प्रायोगिक हिरडीदाह' या विषयावरचा निबंध प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांची बारा माणसं त्यांनी घेतली. नऊ दंतशास्त्राचे विद्यार्थी, एक शिक्षक आणि दोन प्रयोगशाळा तंत्रज्ञ. सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली: दात घासणं पूर्ण बंद करा.

पुढे जे घडलं ते आज दंतशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलं जातं. पहिल्या एक-दोन दिवसांत दातांवर साधे गोल जंतू आणि दांडीसारखे जंतू जमले. दोन ते चार दिवसांत त्यांत लांब धाग्यांसारखे जंतू मिसळले. आठवड्याच्या आसपास नागमोडी आणि मळसूत्री जंतू दिसू लागले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. काहींच्या लवकर, काहींच्या उशिरा, पण सुटलं कोणी नाही. मग दात घासणं पुन्हा सुरू झालं आणि साधारण आठवडाभरात सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. आहार बदलला नव्हता, वय बदललं नव्हतं, औषध कोणतंच दिलं नव्हतं. कीटण साचू दिलं की हिरडी सुजते, आणि ते काढलं की ती बरी होते. वाद मिटला.

या निबंधाचं दुसरं मोल तेवढंच मोठं आहे. त्याने एक मोजपट्टी दिली. निरोगी माणसाच्या हिरड्या तीन आठवड्यांत हमखास सुजवता येतात आणि कोणतीही कायमची इजा न होता पुन्हा बऱ्या करता येतात, हे एकदा सिद्ध झाल्यावर पुढची पायरी सरळ होती. दोन गट करायचे, दोघांचंही दात घासणं थांबवायचं, एका गटाला औषधी द्रवाच्या गुळण्या आणि दुसऱ्याला दिसायला-चवीला तशाच पण औषध नसलेल्या पाण्याच्या गुळण्या द्यायच्या. एकविसाव्या दिवशी कोणाच्या हिरड्या शाबूत आहेत ते पाहायचं. माउथवॉशच्या प्रतिबंधक गुणाची चाचणी आजही बहुतेक याच साच्यातून जाते.

साचा तयार होताच त्यात पहिलं मोठं यश मिळालं ते क्लोरहेक्सिडिनला. त्याचं कूळ दातांशी नव्हे, हिवतापाशी जोडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीतले रसायनतज्ज्ञ हिवतापावर औषध शोधत होते. त्यातून प्रोग्वानिल हाती लागलं. त्याच जातीच्या संयुगांवर काम पुढे चालू राहिलं आणि त्यातलं एक जंतूंवर विलक्षण प्रभावी ठरलं. १९५४ मध्ये क्लोरहेक्सिडिनची माहिती प्रसिद्ध झाली आणि जखमा व त्वचा स्वच्छ करण्यासाठी ते वापरात आलं. लोए आणि त्याचा सहकारी शोट यांनी १९७० मध्ये ते ०.२ टक्के प्रमाणात चुळीसाठी वापरून पाहिलं. दिवसातून दोनदा दहा मिलिलिटर, प्रत्येक वेळी एक मिनिट. दात न घासताही कीटण साचलं नाही आणि हिरड्या सुजल्या नाहीत. असा निकाल याआधी कोणत्याही चुळीने दिला नव्हता.

कारण पुढे उलगडलं. क्लोरहेक्सिडिनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. दातांचा पृष्ठभाग आणि गालांच्या आतली त्वचा ऋणभारित, त्यामुळे चूळ थुंकल्यावरही औषध तिथे चिकटून राहतं आणि तासन्‌तास हळूहळू सुटत जातं. लेव्हेनहुकच्या व्हिनेगरला हेच जमलं नव्हतं. ते आलं तसं वाहून गेलं. मात्र हा चिकट स्वभाव त्रासदायकही आहे. काही आठवडे वापरलं की दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात, जेवणाची चव बिघडते, दातांवरचा दगड वाढतो. टूथपेस्टमध्ये फेस आणणारा पदार्थ ऋणभारित असल्याने तो क्लोरहेक्सिडिनला निष्प्रभ करतो. म्हणून दात घासल्यावर लगेच ही चूळ घेऊ नये, अर्धा तास तरी जाऊ द्यावा. ही साधी गोष्ट कित्येक रुग्णांना कोणी सांगतच नाही, याची खंत वाटते.

चाचणीच्या खोलीत नेमकं काय चालतं? खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हिरडीच्या कडेने बोथट टोकाची बारीक सळई हलकेच फिरवली जाते. दाब किती द्यायचा याचा सराव परीक्षकाने आधी केलेला असतो. एकच तोंड दोनदा तपासून दोन्ही वेळा तोच आकडा येतो का, हेही पडताळलेलं असतं. लोए आणि सिल्नेस यांनी १९६३ मध्ये आखलेल्या पट्टीवर मग अंक दिला जातो. हिरडी फिकट गुलाबी आणि घट्ट असेल तर शून्य. रंग थोडा बदललाय, पण सळई फिरवून रक्त येत नाही, तर एक. लाल, फुगीर, चकाकणारी आणि स्पर्शाने रक्त येणारी असेल तर दोन. आपोआप रक्त येत असेल, व्रण असतील तर तीन. कीटण मोजण्याची तऱ्हा वेगळी. दातांना रंगद्रव्य लावायचं, पाण्याने चूळ भरायला लावायची आणि रंग कुठे धरून राहिला ते पाहायचं. हिरडीच्या कडेला नुसते ठिपके असतील तर एक, दाताचा दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग रंगला असेल तर पाच. क्विग्ली आणि हाइन यांची १९६२ची ही पट्टी टुरेस्की आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये सुधारली, आणि तीच जगभर चालते.

या परीक्षेची खरी मेख म्हणजे कोणाला काय दिलं हे न परीक्षकाला कळावं, न रुग्णाला. बाटल्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक असतो. पण क्लोरहेक्सिडिनचा कडवटपणा आणि त्याचे डाग स्वतःच गुपित फोडतात. डाग पडलेले दात समोर आल्यावर परीक्षकाचा हात नकळत उदार होत नसेल, याची हमी कोण देणार? चांगले संशोधक म्हणून हिरडीचा अंक आधी घेतात, रंगद्रव्य नंतर लावतात, आणि शक्य तिथे दोन्ही मोजमापं वेगवेगळ्या माणसांकडे सोपवतात.

एकवीस दिवसांचा निकाल पुरेसा नाही हेही लवकरच उमगलं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९८६ मध्ये नियम केले: कीटण आणि हिरडीदाह रोखल्याचा दावा करायचा असेल तर चाचणी किमान सहा महिन्यांची हवी, आणि त्या काळात लोकांनी आपले दात नेहमीसारखे घासायचे. लिस्टरीनला या संस्थेची मोहोर १९८७ मध्ये मिळाली, म्हणजे ते बनल्यानंतर एकशेआठ वर्षांनी.

लोएनेच आणखी एक प्रश्न विचारला होता: सुजलेल्या हिरड्या उपचाराविना राहिल्या तर पुढे काय होतं? त्याचं उत्तर शोधायला तो श्रीलंकेच्या चहामळ्यांत गेला. १९७० मध्ये तिथल्या ४८० तमिळ मजुरांची तपासणी सुरू झाली आणि ती पंधरा वर्षं चालली. या मजुरांत दात घासण्याची रीत नव्हती, दंतवैद्यही नव्हता. सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. पण सुमारे ८ टक्क्यांचं दाताखालचं हाड झपाट्याने झिजलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांची सूज हिरडीपलीकडे गेलीच नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळत नाही, म्हणून सूज पहिल्याच टप्प्यावर थांबवण्याला महत्त्व.

महाराष्ट्रात या रीतीचा सर्वांत सुंदर वापर झाला तो आपल्याच जुन्या उपायांची परीक्षा घेण्यासाठी. पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयात हळदीच्या माउथवॉशची क्लोरहेक्सिडिनशी तुलना झाली आणि ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभर जणांची तपासणी पहिल्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी, लोए-सिल्नेस आणि टुरेस्की यांच्याच पट्ट्यांनी. दोन्ही चुळींनी कीटण आणि सूज यांचे अंक साठ टक्क्यांहून अधिक उतरवले, आणि दोहोंतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर नगण्य ठरला. कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगाव इथल्या तात्यासाहेब कोरे दंतमहाविद्यालयातल्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये त्रिफळ्याचा निकाल मांडला: रुग्णालयात दाखल असलेले १२० रुग्ण, तीन गट, एकाला शुद्ध पाणी, दुसऱ्याला क्लोरहेक्सिडिन, तिसऱ्याला त्रिफळा. पंधरा दिवसांत त्रिफळा क्लोरहेक्सिडिनच्या बरोबरीने उतरला.

हे निकाल आनंदाचे आहेत, पण त्यांची मर्यादाही स्पष्ट बोलायला हवी. अशा बहुतेक चाचण्या दोन-तीन आठवड्यांच्या आणि थोड्या माणसांवरच्या असतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या तीन वर्षांत, हाताशी असलेल्या रुग्णांवर आणि बेताच्या खर्चात बसणारा हा विषय असल्याने तो प्रबंधांत वारंवार येतो. सहा महिन्यांच्या, अनेक केंद्रांवर चालणाऱ्या चाचण्या विरळच. आणखी एक गोष्ट वसई-पालघरच्या या पट्ट्यासाठी फार महत्त्वाची आहे. तंबाखूचं व्यसन असलेल्यांना अशा चाचण्यांतून बहुधा वगळलं जातं, कारण तंबाखूने हिरडीचं चित्रच बदलतं. मग जळलेल्या तंबाखूची मशेरी रोज दातांना लावणाऱ्या बायकांचं काय? त्यांच्या हिरड्यांवर चूळ कितपत चालते, हे या निकालांतून सांगता येत नाही. त्यांना माउथवॉशची नाही, मशेरी सोडवण्याची गरज आहे. तिच्यात हिरड्यांसोबत तोंडाच्या कर्करोगाचाही धोका आहे.

भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि औषध नियंत्रकांच्या अखत्यारीतल्या चाचण्यांना जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली. काय मोजणार, किती जणांवर, किती दिवस, हे आधीच जाहीर करावं लागत असल्याने नंतर सोयीचा तेवढाच निकाल पुढे करणं अवघड होतं. देशी औषधांच्या चाचण्याही अशाच आधी नोंदवूनच व्हाव्यात.

क्लोरहेक्सिडिनच्या बाजूनेही सगळं आलबेल नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये ५१ अभ्यास आणि ५३४५ माणसांचा पुरावा एकत्र तपासला. दात घासण्याच्या जोडीला ही चूळ घेतली तर कीटण बरंच कमी होतं, याबद्दल शंका उरली नाही. पण ज्यांच्या हिरड्या आधीच थोड्याशाच सुजलेल्या होत्या, त्यांचा अंक शून्य ते तीनच्या पट्टीवर सरासरी ०.२१ एवढाच उतरला. रुग्णाला जाणवेल इतका हा फरक नाही. मध्यम किंवा तीव्र सुजेबद्दल बोलायला पुरावा अपुरा ठरला.

वसई, नालासोपारा किंवा विरार स्टेशनबाहेरच्या औषधाच्या दुकानात 'हिरडीतून रक्त येतंय, माउथवॉश द्या' असं म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं. ते बाटली घेऊन जातं, रक्त येतं तिथे ब्रश फिरवायचं टाळतं आणि फक्त गुळण्या करतं. ऑरहूसच्या बारा जणांनी नेमकं उलट सिद्ध केलं आहे. रक्त येणाऱ्या जागीच मऊ ब्रश दिवसातून दोनदा नीट फिरवायला हवा, आणि बहुतेकांची सूज त्यानेच उतरते. क्लोरहेक्सिडिनची चूळ ब्रश चालवताच येत नाही अशा दिवसांसाठी आहे: हिरडीची शस्त्रक्रिया झाली असेल, जबडा तारांनी बांधला असेल, किंवा घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तेव्हा. ती किती दिवस घ्यायची हे दंतवैद्याला विचारून घ्या, आणि नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर दुसरी बाटली न आणता त्याच्याकडे जाऊन हिरड्या तपासून घ्या. मधुमेह असेल तर तेवढंही थांबू नका.